रस्त्यावर पकडाच, पण शिकायला एक बंद मैदान द्या

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
मा. पोलीस आयुक्त, पुणे आणि पिंपरी चिंचवड,
आणि दोन्ही महापालिकांचे मा. आयुक्त

विषय: नवशिक्या मुलांना व्हीली सुरक्षितपणे शिकता यावी म्हणून बंद जागा मिळण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. विषय वाचूनच काही जण पत्र बाजूला ठेवतील याची कल्पना आहे, व्हीली (म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी चालवणं) आणि सुरक्षित हे एका ओळीत कसं काय असं वाटणं साहजिक आहे, तरी पूर्ण वाचा एवढी विनंती. मी भोसरीत राहतो, टू व्हीलरचं गॅरेज आहे आणि बरीच वर्षं स्टंट रायडिंग करतोय. रस्त्यावर नाही, एका ओळखीच्या माणसाच्या कंपाउंड घातलेल्या प्लॉटवर. तिथेच रविवारी सकाळी आसपासच्या पोरांना शिकवतो पण. आता त्या प्लॉटवर शेड उभं राहणारे, जागा जाणारे, आणि ही पोरं पुन्हा रस्त्यावर जातील याची मला खरंच धास्ती वाटते म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो म्हणजे गैरसमज नको. रस्त्यावर व्हीली मारणाऱ्याला सोडून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. पकडा, गाडी जप्त करा, लायसन्स घालवा. कायद्यात तरतूद आहेच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक गाडी चालवली तर पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ हजार ते ५ हजार दंड किंवा दोन्ही, आणि पोरगा १८ च्या आतला असला तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला आणि त्याच्या आईवडलांना पहिल्याच दिवशी सांगतो, कारण घरच्यांना बऱ्याचदा हे माहितीच नसतं, त्यांना वाटतं फार तर पावती फाटेल.

आणि रस्त्यावर का नको याचं कारण कायद्याच्याही आधीचं आहे. पुढचं चाक वर गेलं की स्टीअरिंग संपलं, गाडी जिकडे चाललीय तिकडेच जाणार. पुढचा ब्रेक संपला, म्हणजे थांबायची जवळजवळ सगळी ताकद गेली कारण टू व्हीलरला थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. आणि समोरचं दिसायचं बंद, टाकी आणि हेडलाइट डोळ्यासमोर येतात, बाजूला मान काढून बघावं लागतं. अशा वेळी स्पाइन रोडला एखादी आजी रस्ता ओलांडत असली किंवा एखादा कामगार सायकलवर शिफ्ट सुटून घरी चालला असला तर त्याला वाचवायला त्या पोराच्या हातात काहीच नसतं, कितीही भारी रायडर असला तरी नसतं. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली ७४ हजार ८९७ टू व्हीलरवरची होती. हा केंद्र सरकारचा आकडा आहे आणि तो डोक्यात ठेवूनच मी बोलतोय.

मग अडचण काय आहे. अडचण ही आहे की पोरं शिकायची थांबत नाहीयेत. तुम्ही नाकाबंदी लावता, गाड्या उचलून नेता, कर्कश सायलेन्सर काढून त्यावर रोलर फिरवता, ते बरोबरच आहे, पण पोरं मोशीच्या रस्त्यावरून उठतात आणि चाकणकडच्या कुठल्यातरी नवीन प्लॉटिंगच्या डांबरी रोडवर जातात, रात्री ११ नंतर, जिथे लाइट नाही, कुत्री आडवी येतात आणि लागलं तर उचलून न्यायला कोणी नाही. तमिळनाडूत २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एक लाखो फॉलोअर असलेला यूट्यूबर कांचीपुरमजवळ हायवेवर व्हीली मारताना पडला, हात मोडला, अटक झाली, लायसन्स १० वर्षांसाठी गेलं. कर्नाटकात तर २०२४ मध्ये चिडलेल्या लोकांनी स्टंट करणाऱ्या पोरांच्या स्कूटर फ्लायओव्हरवरून खाली फेकल्या. हे सगळं आपल्याकडच्या पोरांनी मोबाइलवर बघितलंय. बघून घाबरली का? नाही हो. १९ वर्षांच्या पोराला वाटतं तो पडला कारण त्याला येत नव्हतं, मला येईल.

आणि येणार कसं, शिकवतंय कोण? रील १५ सेकंदाची असते. त्यात गाडी वर गेलेली दिसते, पण पाय कुठे आहे ते दिसत नाही, क्लच कधी सुटला ते कळत नाही, खाली कशी आणली ते तर कापलेलंच असतं. पोराला एवढंच कळतं की रेस द्यायची आणि क्लच सोडायचा. म्हणजे वर जायची अर्धी विद्या त्याला फुकटात मिळते आणि खाली यायची अर्धी, जी खरी आहे, ती कोणीच सांगत नाही.

हे मला गॅरेजमध्ये गाडीवरून कळतं. पुढून सगळं शाबूत आहे, हेडलाइट ठीक, मडगार्ड ठीक, पण मागची नंबर प्लेट आत दुमडलीय, टेललाइट फुटलाय, मागचा ग्रॅब रेल घासलाय, की समजायचं गाडी मागे उलटलीय. पोरगा सांगतो खड्ड्यात पडलो दादा. मी काही बोलत नाही, फक्त विचारतो की तेव्हा उजवा पाय कुठे होता? तो गोंधळतो. पाय लटकत होता, किंवा पाय फूटरेस्टवर मागे सरकवून ठेवला होता, किंवा आठवतच नाही. ब्रेकवर होता असं उत्तर अशा गाडीवाल्याकडून मी आजवर ऐकलेलं नाही.

साहेब, सगळी गोष्ट इथे आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळू नका. गाडी मागच्या चाकावर उभी राहायला लागली की एक जागा येते जिथे वजन बरोबर मागच्या चाकावर तोललेलं असतं, त्याला बॅलन्स पॉइंट म्हणतात. त्याच्या अलीकडे असाल तर रेस कमी केली की चाक खाली येतं. त्याच्या पलीकडे गेलात तर रेस सोडून पण उपयोग नाही, गाडी स्वतःच्या वजनाने मागे उलटणार. तिथून तिला परत आणणारी एकच गोष्ट आहे, मागचा ब्रेक. नुसता पायाने हलका दाबला की पुढचं चाक लगेच खाली झुकतं, पहिल्यांदा करून बघणाऱ्याला आश्चर्य वाटतं इतकं लगेच. पण नवीन माणूस घाबरला की काय होतं, तो मूठ घट्ट आवळतो, शरीर मागे फेकलं जातं, हात ताणले जातात आणि ताणलेल्या हाताने ॲक्सिलरेटर अजून पिळला जातो. म्हणजे ज्या क्षणी रेस कमी व्हायला पाहिजे नेमकी त्याच क्षणी ती वाढते आणि हे तो मुद्दाम करत नाही, आपोआप होतं. म्हणून ब्रेक हा विचार करून दाबायची गोष्ट असून चालत नाही, पायाला सवयच पाहिजे, आणि ती सवय चाक उचलायच्या आधी लागावी लागते.

म्हणून आमच्याकडे सुरुवातीला कोणी गाडी उचलतच नाही. पोरं नाराज होतात, होऊ दे. आधी गाडी तपासायची, चेन ढिली आहे का, मागच्या ब्रेकची पेडल पायाच्या उंचीला आहे का, चाकाचे नट, ॲक्सिलरेटरची केबल सोडल्यावर झटकन परत येते का, कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) वाजतोय का. मग पहिल्या गिअरमध्ये सायकलच्या स्पीडने सरळ जायचं, बुटाचा पुढचा भाग पेडलवर, आणि फक्त मागच्या ब्रेकने हळू, चाक न घासता थांबायचं. परत जायचं, परत थांबायचं. हे इतकं करायचं की बोलता बोलता पण पाय पेडल सोडणार नाही. त्यानंतर रेस देऊन सोडायची, पुढचा शॉकअप बसतो आणि उठतो ते अंगाला कळू द्यायचं. मग क्लच थोडा ओढून, थोडी रेस, आणि क्लच सोडला की चाक चार बोटं उठतं. चार बोटं उठलं की ब्रेक दाबून खाली. गरज नसली तरी ब्रेक दाबूनच खाली, हा नियम कोणासाठीच मोडत नाही. चार बोटांची वीत व्हायला काही जणांना महिने लागतात आणि त्यात काही बिघडत नाही, उलट जो पोरगा दुसऱ्या रविवारी कमरेएवढी गाडी उचलून दाखवतो त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

हाताने हँडल ओढायचं नाही, काम इंजिन करतं. खाली येताना हँडल सरळ पाहिजे आणि थोडी रेस चालू पाहिजे, नाहीतर चाक आपटतं, शॉकअपचं सील जातं, हँडल थरथरतं आणि माणूस तिथेच पडतो. पिलियन, म्हणजे मागे बसणारा, कधीच नाही. आणि स्पीड कमी, इतका कमी की सगळंच चुकलं तर गाडी सोडून देऊन मागे पाय टाकून दोन पावलं पळत उभं राहता यावं. हे पळणं पण आम्ही आधी शिकवतो, गाडी गेली तर जाऊ दे, दुरुस्तीला माझ्याकडे ये. ६० च्या स्पीडला असं पायावर उतरता येत नाही आणि रस्त्यावरची पोरं तर ६० च्या खाली सुरूच करत नाहीत कारण हळू स्पीडला क्लच कसा सोडायचा हे कोणी दाखवलेलं नसतं.

आता एक गोष्ट अशी सांगतो जी परिवहन खात्याने तरी नक्की ऐकावी. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नवीन गाड्यांना सीबीएस सक्तीचा झाला, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो. (एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम, असला तर सीबीएस लागत नाही, पण या गाड्यांना तो क्वचितच असतो.) रस्त्यासाठी ही फार चांगली गोष्ट आहे, मी विरोधात नाही. पण पोरं स्टंट कशावर करतात, घरातल्या स्कूटरवर आणि कमी सीसीच्या गाडीवर, कारण तीच हाताशी असते. पुढचं चाक हवेत असताना या गाडीचा मागचा ब्रेक दाबला तर हवेतलं चाक पण थांबतं आणि थांबलेल्या चाकावर गाडी खाली येते. चालत्या गाडीचं पुढचं चाक फिरत नसताना जमिनीला टेकलं तर काय होतं ते तुमच्या कुठल्याही मोटार वाहन निरीक्षकाला विचारा. वर स्कूटरला क्लच नाही, चाक नक्की कधी उठेल त्यावर पाहिजे तसा कंट्रोल नाही. म्हणजे जे पोरगं मागचा ब्रेक दाबायला शिकलंय त्याला सुद्धा या गाड्या दगा देऊ शकतात. मोठ्या गाड्यांवर वेगळी गंमत असते, दोन्ही चाकांना एबीएस असेल तर पुढचं चाक हवेत मंदावतं, मागचं फिरत असतं, सिस्टीमला दोन चाकांचा मेळ लागत नाही आणि मागच्या ब्रेकची धार नको तेव्हा कमी होऊ शकते. कोणती गाडी चालेल, कोणती अजिबात चालणार नाही, हे सांगायला कोणीतरी जाणता माणूस समोर लागतो. आम्ही स्कूटर आणि सीबीएसची गाडी प्लॉटच्या गेटमधूनच परत पाठवतो. रस्त्यावर ती कोण परत पाठवणार?

युरोप अमेरिकेत यासाठी रीतसर शाळा आहेत. काही ठिकाणी व्हीली मशीन असतं, गाडी एका चौकटीला पट्ट्यांनी बांधलेली, मागचं चाक रोलरवर फिरतं, गाडी ठरावीक उंचीच्या वर जाऊच शकत नाही, आणि पोरगा जागच्या जागी बॅलन्स पॉइंट काय असतो आणि ब्रेक दाबल्यावर काय होतं ते अनुभवतो. आपल्या गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला दोर बांधून काका काठावर उभे राहायचे ना, अगदी तसं. हे मशीन काही परदेशातून मागवायची गरज नाही, भोसरी एमआयडीसीतला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर चॅनल आणि बेअरिंग आणून बनवून देईल, ड्रॉइंग मी देतो. तसंच मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी, माणूस गाडीवरून सुटला की इंजिन बंद, ती पण आम्ही सगळ्या गाड्यांना लावून घेतो.

व्हीलीचे मोठे विक्रम कुठे झाले ते पण बघा. न थांबता लांब मोटरसायकल व्हीलीचा एक गाजलेला विक्रम जपानच्या यासुयुकी कुडोचा, १९९१ साली ५ मे ला, ३३१ किलोमीटर. तो त्याने हायवेवर केला नाही, जपान ऑटोमोबाइल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या बंद टेस्ट ट्रॅकवर केला, आणि गाडी कोणती, होंडाची २१६ सीसीची ट्रायल बाइक. हे मी पोरांना मुद्दाम सांगतो कारण त्यांना वाटतं मोठी सुपरबाइक असल्याशिवाय काही होत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला एल्विंग्टन नावाची जुनी विमानदलाची धावपट्टी आहे, तिथे व्हीलीच्या स्पर्धा होतात, बॅरिकेड, ॲम्ब्युलन्स, मार्शल सगळं असतं. म्हणजे जगात जिथे हा प्रकार मोठा झाला तिथे तो बंद जागेत झाला.

तुम्ही म्हणाल परदेशाचं सोडा. ठीक आहे, मग महाराष्ट्राचंच घ्या. दहीहंडीत थर लावताना पोरं पडायची, जीव जायचे, तेव्हा सरकारने दहीहंडी बंद नाही केली. १४ वर्षांखालचा गोविंदा नको हा नियम आला, विमा आला, आणि २०२२ मध्ये तर साहसी खेळाचा दर्जा दिला. बैलगाडा शर्यतीचं आमच्या भोसरी चिखलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको, २०१४ ला बंदी आली, लोक भांडले, राज्याने कायदा केला, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मान्य केला, आणि आज घाटात शर्यत होते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, नियमात. आणि बालेवाडीला २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस झालं, स्टेडियममध्ये मातीच्या टेकड्या रचून परदेशी रायडर तिथे गाड्या उडवत होते, हजारो लोक आणि लहान पोरं बघायला होती, मी पण होतो. तिथून बाहेर पडणाऱ्या पोराला आपण काय सांगणार, बघ पण शिकू नकोस? या शहरात गाड्या बनतात हो. आकुर्डीत, चाकणला. पल्सर इथली, केटीएमची ड्यूक चाकणमधून बाहेर पडते. घरटी एक माणूस या धंद्यात आहे आणि त्याच्या पोराला गाडीवर नीट काही शिकायचं असेल तर अख्ख्या पुणे जिल्ह्यात एक सरकारी जागा नाही.

जागा नाहीतच असं पण नाही. आरटीओचे टेस्ट ट्रॅक आहेत, सुट्टीच्या दिवशी रिकामे असतात. एमआयडीसीचे कुंपण घातलेले पण वाटप न झालेले प्लॉट आहेत. ट्रक टर्मिनलसाठी राखून ठेवलेल्या जागा आहेत. मला फार मोठं काही नको. दीडशे मीटर लांब, वीस पंचवीस मीटर रुंद काँक्रीट किंवा चांगलं डांबर, मध्ये खांब, डिव्हायडर, गटाराचं झाकण काही नाही, कडेला मोकळी माती, आणि एका बाजूला अगदी थोडा चढ असला तर उत्तम कारण चढावर गाडी कमी रेसमध्ये उठते आणि आपोआप मंद होते. कुंपण आणि गेट मात्र पाहिजेच. मोकळ्या मैदानावर मी शिकवणार नाही, क्रिकेट खेळणारी मुलं, फिरायला आलेली माणसं असतात, आणि कायद्याने पण जिथे लोकांना यायचा हक्क आहे ती सार्वजनिक जागाच ठरते. सरकारी दवाखाना किंवा पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलला ॲम्ब्युलन्स किती वेळात पोचते ते बघून जागा निवडा ही माझी खास विनंती, बाकी लांब असली तरी पोरं येतील.

नियम तुम्ही घाला, कडक घाला. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं १८ च्या वरच्यांनाच घ्या आणि तेही पक्कं लायसन्स असलेले. आयएसआयचं फुल फेस हेल्मेट, पाठीचा गार्ड, गुडघे, कोपर, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, आणि माकडहाडाला पॅड असलेली शॉर्ट पॅन्ट, ती लोक विसरतात पण मागे पडलं की पहिला मार तिथेच बसतो. एका वेळी एकच गाडी चालू. ऑक्टोबर ते मे, सकाळी ७ ते १०, पावसाळ्यात पूर्ण बंद कारण शेवाळलेल्या काँक्रीटवर मागचं चाक कधी जाईल सांगता येत नाही. विम्याचं आधीच बघावं लागेल, साध्या गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग बसत नाही, आणि थर्ड पार्टीत तर चालवणाऱ्याला स्वतःला काहीच मिळत नाही, म्हणून मैदानाचा वेगळा विमा आणि प्रत्येकाचा अपघात विमा लागेल, फीमधून काढू. मोटरस्पोर्टची देशातली मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय आहे, त्यांच्याकडून मार्शल आणि नियमावली मागवता येईल. आणि एक अट माझी स्वतःची, ज्याचं रस्त्यावर स्टंटचं चलान झालं त्याला एक वर्ष गेट बंद. पोलिसांनी फक्त गाडी नंबरची यादी द्यावी. या एका अटीने जेवढी पोरं रस्त्यावरून हटतील तेवढी नाकाबंदीने हटणार नाहीत असं मला मनापासून वाटतं, कारण मैदान मिळाल्यावर ते गमवायची भीती असते, आज त्यांच्याकडे गमवायला मैदानच नाहीये.

यावर एक आक्षेप येणार, जो मला माझ्या शेजाऱ्यांनी पण ऐकवलाय, की मैदानावर शिकलेला पोरगा मग रस्त्यावर दाखवायला जाईल. एखादा जाईल, मी नाही म्हणत नाही. पण माझा अनुभव उलटा आहे. ज्याने महिनोन्महिने चार बोटं, वीत, हात असं करत शिकलंय त्याला एक चुकीचा दगड किती महागात पडतो हे अंगाने कळलेलं असतं, तो रस्त्यावर उचलतच नाही, त्याला तिथला खड्डा दिसतो, वाळू दिसते, अचानक दार उघडणारी रिक्षा दिसते. माझ्याकडची काही पोरं तर आता रोजच्या चालवण्यात पण शांत झालीत, ब्रेक लवकर धरतात, अंतर ठेवतात, त्यांच्या आयांनीच मला सांगितलंय. रस्त्यावर दाखवायला जो जातो तो बहुतेक वेळा अर्धवट शिकलेलाच असतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. ट्रॅक नवीन बांधा असं मी म्हणतच नाहीये. कुंपण असलेली पडीक जागा, आठवड्यातले तीन तास, आणि एका अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र. झाडलोट, चुना मारणं, टायर लावून कडा करणं आम्ही करू, मशीन आम्ही बनवू, फर्स्ट एडवाला आम्ही आणू. कलम १८९ सुद्धा राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी केलेल्या शर्यतीलाच गुन्हा म्हणतं, म्हणजे लेखी संमती ही गोष्ट कायदा बनवणाऱ्यांच्या डोक्यात होती. व्हीली शर्यत नाही हे मला माहिती आहे, पण परवानगी द्यायचीच नाही असं कायदा कुठे म्हणत नाही एवढाच मुद्दा. मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो, तिथे हा अर्ज कुठल्या टेबलाचा हेच ठरेना, या टेबलावरून त्या टेबलावर फिरून शेवटी पोचपावती पण न मिळता परत आलो. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांच्या नावे एकत्र आणि उघडपणे लिहितोय, कोणाचं टेबल ते तुम्ही आपसात ठरवा.

प्लॉट आमच्याकडे अजून थोडे महिने आहे. तेवढ्यात एखादे मोटार वाहन निरीक्षक आणि ट्रॅफिकचे एक अधिकारी रविवारी सकाळी पाठवा, वर्दीत आले तरी चालेल, पोरांना मी सांगून ठेवतो. दोन तास उभं राहून काय शिकवतोय ते बघू दे, पोरांशी बोलू दे, गाड्या तपासू दे, जे चुकीचं वाटेल ते तिथेच सांगू दे. त्यानंतर जागा द्यायची की नाही, द्यायची तर कुठली आणि कुठल्या अटींवर, जो काही निर्णय असेल तो लेखी कळवावा ही विनंती. आणि नाही म्हणणार असाल तर या पोरांना मी पुढच्या रविवारी कुठे पाठवू तेही त्याच पत्रात लिहा.

आपला,
भोसरीतला एक गॅरेजवाला